मोहाच्या हंगामातली वकिली

पहाटे ५. गडचिरोलीच्या गावांत एप्रिलमध्ये घरी कुणी भेटत नाही. अख्खं गाव मोहाखाली असतं. मीही तिकडेच जाते.

७. मोह वेचून झाल्यावर एका आजोबांचा जबाब. वनहक्क नियमांतल्या १३ व्या नियमात वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावा धरला आहे, फक्त सांगणारा स्वतः दावेदार नको. शेजाऱ्याची जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून त्याच्या कसण्यात आहे, हे दाखवायचं आहे. आजोबा गोंडीत सांगतात, नातू मराठी करतो. साल विचारलं की आजोबा हसतात. "ही पोरगी झाली त्या उन्हाळ्यात त्यानं बांध घातला." पोरीचा शाळेचा दाखला काढला की साल मिळेल.

११. कचेरी. एका दाव्यावर शेरा: 'पुरावा अपुरा, नामंजूर'. कारण नाही, दावेदाराला कळवलेलंही नाही. ग्रामसभेची शिफारस अपुरी वाटली तर दावा फेरविचारासाठी परत पाठवायचा, नाकारायचा नाही, असं नियम सांगतात. नाकारलाच तर सविस्तर कारणं लिहायची आणि दावेदाराला समक्ष कळवायचं, म्हणजे ६० दिवसांत त्याला दाद मागता येते. कायदा चांगला आहे, माझं आयुष्य तो वाचून दाखवण्यात जातं.

२. विधी सेवा प्राधिकरण. अनुसूचित जमातीच्या कुणालाही आणि कुठल्याही बाईला, उत्पन्न न विचारता, मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्याचं १२ वं कलम. तरी लोक बिचकतात. फुकटचा वकील म्हणजे सरकारचाच माणूस, हा संशय काही अगदीच अडाणीपणाचा नाही.

४. मंजूर झालेला पट्टा, पण नाव एकट्या नवऱ्याचं. कायद्यानं दोघांचं हवं.

"एकाच घरचं तं आहे, मॅडम. तिचं नाव कायले पायजे?"

"मंग माझ्या एकटीच्या नावानं करा न," बायको म्हणाली.

दुरुस्तीचा अर्ज तिथंच लिहिला. पहिला अंगठा त्याचा.

रात्री ८. सामूहिक वनहक्कासाठी ग्रामसभा. २००९ मध्ये मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, तेव्हापासून ते उदाहरण प्रत्येक सभेत निघतंच. निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. बाया दोन कमी पडल्या. दिवसभर मोह वाळवून झोपल्या होत्या. पुरुषांनी आपल्याच दोन सह्या वाढवू म्हटलं. मी नाही म्हटलं. शेवटी सासूसुनांना उठवून आणलं, आणि सुनेनं ठरावातली तळ्याची हद्द चुकल्याचं दाखवून तो पुन्हा लिहायला लावला.