इफेच्या वर्गातली सहा वर्षे

नोव्हेंबर २०२५मध्ये नायजेरियाचे शिक्षणमंत्री तुंजी अलाउसा यांनी प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकवण्याचे राष्ट्रीय धोरण रद्द झाल्याचे जाहीर केले. पूर्वप्राथमिकपासून विद्यापीठापर्यंत माध्यम इंग्रजीच राहणार. हे धोरण मंजूर झाले होते २०२२च्या नोव्हेंबरात. सहा वर्षे त्यात शिकून बाहेर पडलेली एकही तुकडी देशाने पाहिली नाही.

ब्रिटिश काळाचा इतिहास थोडक्यात आटोपतो. मिशनऱ्यांनी धर्मप्रसारासाठी स्थानिक भाषा लिपिबद्ध केल्या, सरकारी अनुदान मात्र इंग्रजीकडे झुकले. पुढे पहिली दोन-तीन वर्षे घरची भाषा आणि मग इंग्रजी, अशी तडजोड रुळली.

१९७०मध्ये इले-इफे येथे ही चाकोरी मोडली. इफे विद्यापीठातील प्रा. अलियू बाबातुंदे फाफुन्वा आणि सहकाऱ्यांनी फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने एका प्राथमिक शाळेत प्रयोग सुरू केला. गणित, विज्ञान, समाजशास्त्र हे विषय सहाही वर्षे योरुबा या स्थानिक भाषेतून शिकवले जात. इंग्रजीही होती, पण विषय म्हणून, आणि ती शिकवायला खास तयारीचा वेगळा शिक्षक होता. तुलनेच्या वर्गात चौथीपासून माध्यम इंग्रजी झाले. योरुबात पाठ्यपुस्तके नव्हती, ती लिहावी लागली. शास्त्रीय संज्ञाही घडवाव्या लागल्या.

भाषेची जमीन मात्र कसदार होती. योरुबात सोळाला ‘मेरिंदिनलोगुन’ म्हणतात, म्हणजे विसाला चार कमी. मराठीतल्या एकोणिसात जशी एकाची वजाबाकी दडली आहे, तशीच योरुबात पंधरा ते एकोणीस या प्रत्येक आकड्यात आहे. असे मूल वजाबाकी जिभेवर घेऊनच शाळेत येते. तिथे पहिल्याच दिवशी त्याला परक्या भाषेत गप्प बसवणे हा अन्याय आहे.

निकाल स्पष्ट लागला. योरुबातून शिकलेली मुले इतर विषयांत सरस ठरली आणि इंग्रजीतही मागे पडली नाहीत. भीती नेमकी इंग्रजीचीच घातली जात होती.

एवढा पुरावा घरात असताना १९७७च्या राष्ट्रीय धोरणाने मातृभाषेला सुरुवातीच्या वर्गांपुरतीच जागा दिली. तीही बहुतेक कागदावरच राहिली. खाजगी शाळा इंग्रजीच्या जोरावर फोफावल्या. फाफुन्वा १९९०मध्ये स्वतः शिक्षणमंत्री झाले, तरी प्रवाह उलटला नाही.

२०२५च्या निर्णयासाठी कारण दिले गेले ते सार्वजनिक परीक्षांतल्या नापासांचे. पण २०२२च्या मंजुरीच्या वेळीच तत्कालीन मंत्री अदामू अदामू यांनी बजावले होते की, अभ्याससाहित्य तयार व्हायला आणि शिक्षक मिळायला वेळ लागेल. इफेत पुस्तके लिहिली गेली, शिक्षक तयार झाले. नव्या धोरणाला तो अवधी मिळालाच नाही. नापासांचे खापर मातृभाषेवर फोडणे म्हणूनच चुकीचे आहे.