फरशीवरील डाग आणि त्यांचा उपाय

पावसाळा ओसरू लागला, म्हणजे अंगणातील फरशीचे खरे रूप दृष्टीस पडते. बदामाची पाने, उंबराची फळे, जांभळांचा सडा यांनी तिच्यावर आपापल्या खुणा उमटविलेल्या असतात. सुरतेच्या गोडादरा भागात खानदेशातून येऊन स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. तेथे काय किंवा धुळे-जळगावकडे काय, दारापुढे झाड आणि झाडाखाली फरशी असली, की डाग हे यायचेच.

हे डाग पडतात कसे? पाने, साल आणि फळे यांत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. पावसाच्या पाण्यात ते विरघळते, दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते आणि पाणी वाळले तरी तेथेच राहते. त्याला लोखंडाची संगत लाभली, तर तपकिरी डाग काळा होतो. विळीवर केळफूल चिरले, म्हणजे पाते काळे पडते. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी शाई करीत. या दोहोंच्या मुळाशी हीच क्रिया आहे.

डाग दिसताच पुष्कळ घरांतून ॲसिडची बाटली बाहेर निघते आणि तेथेच घात होतो. कोटा आणि शहाबादी या दोन्ही फरश्या चुनखडीच्या दगडाच्या असतात. आम्ल पडताच चुनखडी फसफसून विरू लागते. डाग गेलासा वाटतो खरा, परंतु त्याबरोबर दगडाचा पृष्ठभागही गेलेला असतो. खडबडीत झालेली ती फरशी पुढील पावसाळ्यात अधिकच डाग धरते. लिंबू, चिंच आणि व्हिनेगर हीदेखील आम्लेच. दगडाची जात ठाऊक नसेल, तर एखाद्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकावा. बुडबुडे उठले किंवा फिका ठिपका राहिला, तर दगड चुनखडीचा समजावा. शिवाय ॲसिडने माणसाचे डोळे आणि कातडी भाजते, ते निराळेच. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, ते ॲसिड-हल्ल्यांमुळे.

मग करावे काय? प्रथम कचरा कोरडाच झाडावा. नंतर कोमट पाणी, सौम्य साबण आणि काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश यांनी फरशी घासावी. तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे लोखंडी कण मागे राहून नवे डाग पाडतात. ताजे डाग पुढे उन्हानेच फिके होत जातात.

जुन्या डागांवर लेपाचा उपाय करावा. हातमोजे घालून, खडूची पूड औषधाच्या दुकानातील सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कालवावी आणि डागावर अर्धा सेंटिमीटर जाड थर द्यावा. वर प्लास्टिक पसरून चोवीस तास ठेवावे. मग ते काढून लेप पूर्ण वाळू द्यावा. पेरॉक्साइड रंगद्रव्य मोडते आणि वाळणारा लेप ते दगडातून वर ओढून घेतो. एकदा भागले नाही, तर पुन्हा करावे. प्रयोग मात्र आधी कोपऱ्यात करून पाहावा.

हिरवा बुळबुळीत थर हा डाग नव्हे; ते सजीव शेवाळ आहे. त्याकडे दुर्लक्ष झाले, तर वृद्ध माणसाचे खुब्याचे हाड मोडण्याची वेळ येते. ते आधी घासून काढावे, त्यावर ब्लीचिंग पावडरचे पातळ द्रावण दहा मिनिटे ठेवावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. ते पाणी झाडाच्या मुळांशी जाऊ देऊ नये. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नयेत. त्यांतून क्लोरीन वायू सुटतो; १९१५ साली बेल्जियममधील ईप्रच्या रणांगणावर ज्याने सैनिकांचे प्राण घेतले, तोच हा वायू.

या साऱ्यापेक्षा सोपा उपाय केरसुणीचा आहे. ओली पाने रोजच्या रोज उचलावी, कुंड्यांखाली विटेचे तुकडे ठेवावे आणि पाणी साचू देऊ नये. एवढे करूनही एखादा डाग राहिला, तर राहू द्यावा. त्यापायी झाडावर कुऱ्हाड चालवू नये. वैशाखाच्या उन्हात फरशीवर पाय ठेववतो, तो त्या झाडाच्या सावलीमुळेच.