प्रोटॉन-क्षय

अणुकेंद्रातील प्रोटॉन आपोआप फुटून पॉझिट्रॉन, पायॉन यांसारख्या हलक्या कणांत रूपांतरित होण्याची सैद्धांतिक क्रिया. ती अद्याप निर्विवादपणे आढळलेली नाही.

द्रव्याची झीज व द्रव्याचा क्षय या भिन्न गोष्टी होत. औंढा नागनाथ (जि. हिंगोली) येथील यादवकालीन मंदिराचे कोरीव काम ऊनपावसाने झिजते, पण गळून पडलेल्या दगडाच्या कणांतील प्रोटॉन अबाधित राहतात. किरणोत्सर्गी क्षयातही प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची एकूण संख्या बदलत नाही. सुटा न्यूट्रॉन सु. १५ मिनिटांत क्षय पावतो. त्यातून प्रोटॉनच उरतो. हा संख्येच्या अक्षय्यतेचा नियम मात्र केवळ अनुभवसिद्ध आहे. विद्युत् भाराच्या अक्षय्यतेसारखा सैद्धांतिक आधार त्यास नाही. जोगेश पती व अब्दुस सलाम, तसेच हॉवर्ड जॉर्जी व शेल्डन ग्लाशो यांनी १९७३-७४ मध्ये मांडलेल्या एकीकरण सिद्धांतांनुसार तो मोडू शकतो.

विश्वाचे वय सु. १,३८० कोटी वर्षे आहे; अपेक्षित आयुर्मान त्याहून कितीतरी मोठे, एकावर ३० किंवा ३१ शून्ये इतकी वर्षे. एका प्रोटॉनाची वाट पाहणे अर्थातच व्यर्थ. परंतु एक टन द्रव्यात सहावर २९ शून्ये इतके प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात. त्यांचे आयुर्मान एकावर ३१ शून्ये वर्षे असल्यास १४० टनांत वर्षाला सु. ८ क्षय व्हावेत.

मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च व जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठ यांनी १९८० मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत (कर्नाटक) २·३ किमी. खोलीवर असाच १४० टनांचा अभिज्ञातक उभारला. लोखंडी पत्र्यांच्या थरांमध्ये गणित्रे बसविलेली होती. एम्. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकंठन्, व्ही. एस्. नरसिंहम्, एस्. मियाके इ. शास्त्रज्ञांनी पहिल्या दोन वर्षांतच काही घटना संभाव्य क्षय म्हणून प्रसिद्ध केल्या. प्रश्न त्यांच्या अर्थाचा होता. खडक विश्वकिरणांतील म्यूऑन अडवितो, न्यूट्रिनो अडवीत नाही, आणि न्यूट्रिनोच्या आघाताने उमटणारे मार्ग प्रोटॉन-क्षयासारखे दिसू शकतात. याच खाणीत १९६५ मध्ये वातावरणीय न्यूट्रिनो प्रथम आढळले होते. तोच शोध आता अडथळा ठरला. घटना मोजक्याच असल्याने निर्णय शक्य नव्हता. अमेरिकेतील ओहायो व जपानमधील कामिओका येथील हजारो टन पाण्याच्या अभिज्ञातकांना क्षय आढळला नाही, म्हणून कोलारचा दावा मान्य झाला नाही.

कामिओका येथेच १९९६ पासून कार्यरत असलेल्या ५०,००० टनांच्या अभिज्ञातकावरून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पॉझिट्रॉन व उदासीन पायॉन या मार्गाने होणाऱ्या क्षयासाठी आयुर्मान किमान २४ वर ३३ शून्ये इतकी वर्षे असले पाहिजे. जॉर्जी-ग्लाशो सिद्धांताचे मूळ साधे रूप त्यापूर्वीच बाद झाले होते. याहून दीर्घ आयुर्मान सुचविणारे सिद्धांत अद्याप टिकून आहेत.