घाटातील धुके आणि मोटारीची वीज

सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेल्या इगतपुरीच्या परिसरात पावसाळ्यात भर दुपारीही दाट धुके उतरते. कसारा घाटातून जाणाऱ्या मोटारीला अशा वेळी दिवे, वायपर आणि काचेवरील बाष्प घालविणारा पंखा एकाच वेळी चालवावा लागतो. वीज अपुरी पडल्यास दिवे मंदावतात आणि प्रसंग जिवावर बेततो. म्हणून जादा दिवे लावण्यापूर्वी वाहनधारकांनी विजेचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे.

वीज कोठून येते?

इगतपुरी येथील महिंद्र अँड महिंद्रच्या कारखान्यात वाहनांची इंजिने तयार होतात. मोटारीच्या इंजिनाच्या शक्तीचा काही अंश पट्ट्यामार्फत अल्टरनेटर फिरविण्याकडे वळविलेला असतो. त्यातील फिरत्या चुंबकामुळे स्थिर वेटोळ्यांत वीज निर्माण होते. डायोड तिला एकाच दिशेने वाहावयास लावतात, तर रेग्युलेटर तिचा दाब १४ व्होल्टच्या आसपास राखतो. पूर्वीच्या डायनामोपेक्षा मंद गतीतही अधिक वीज देणारे हे यंत्र क्रायस्लर कंपनीने १९६० मध्ये व्हॅलियंट मोटारीत बसविले आणि पुढे ते सर्वत्र रूढ झाले.

हिशेब असा मांडावा

५५ वॅटच्या दोन दिव्यांना सुमारे ८ अँपिअर धारा लागते. धुक्यासाठीचे तसेच दोन दिवे लावल्यास आणखी ८. वायपर, पंखे, इंधनपंप आणि इंजिनाची नियंत्रणव्यवस्था यांची भर पडली की बेरीज सहज ५० अँपिअरपलीकडे जाते. यंत्रावर ७० अँपिअर असा आकडा असला, तरी तो जलद गतीचा असतो. घाटात वाहतूक खोळंबून इंजिन मंद फिरू लागले की उत्पादन पुष्कळदा निम्म्यावर येते. उरलेला भार बॅटरीवर पडतो. म्हणून नवा अल्टरनेटर निवडताना मंद गतीतील उत्पादन प्रथम पाहावे.

केवळ यंत्र बदलून भागत नाही

अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची तार आणि फ्यूज वाढीव धारेस साजेसे हवेत. बारीक तार तापून आग लागू शकते. इंजिन व सांगाडा यांमधील भूतारही तितकीच जाड असावी. १०० अँपिअर धारेसाठी इंजिनाची सुमारे तीन अश्वशक्ती खर्ची पडते. पट्टा सैल असल्यास तो घसरतो. नव्या मोटारींत संगणक अल्टरनेटरवर नियंत्रण ठेवतो, तेव्हा त्याच्याशी जुळणारेच यंत्र घ्यावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मधील फेरबदलांविषयीचे निर्बंधही ध्यानी ठेवावेत.

आधी तपासणी

सर्व साधने चालू ठेवून बॅटरीवरील दाब मोजावा. तो १३ व्होल्टखाली उतरत असेल, तर प्रथम पट्टा आणि तारांचे सांधे तपासावेत. पुष्कळदा दोष तेथेच सापडतो आणि मोठा खर्च वाचतो. ही तपासणी काही मिनिटांची आहे. घाटात पावसाळी रात्री दिवे मंदावण्यापेक्षा ती निघण्यापूर्वीच केलेली बरी.