अख्खं जाळं, दोनच आकडे

रोहित्र, खांबावरच्या तारा, मीटर, भिंतीतलं वायरिंग... यातलं काहीही न उघडता सॉकेटमागे काय दडलंय ते मोजता येतं. समजा, सगळं बंद असताना सॉकेटवर २३० व्होल्ट मिळाले आणि १० अँपिअर घेणारा गीझर लावल्यावर २२० उरले. १० व्होल्टची घट भागिले १० अँपिअर, म्हणजे १ ओहम. त्या सॉकेटपुरतं अख्खं जाळं आता २३० व्होल्टचा एक स्रोत आणि त्याला एकसर जोडलेला १ ओहमचा रोध, एवढंच. २० अँपिअर खेचले तर २१० व्होल्ट उरतील. शॉर्टसर्किट झालं तर सुमारे २३० अँपिअर धावतील. एमसीबी वेळेत पडेल का, हे याच आकड्यावरून ठरतं.

हा थेवेनिनचा समतुल्य परिपथ. फ्रेंच तार अभियंता लेआँ शार्ल थेवेनिन यांनी तो १८८३ मध्ये मांडला. खरं तर जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच तो सांगून ठेवला होता. नाव मात्र थेवेनिनचं लागलं!

पथ्य एकच, पण विद्यार्थी हमखास मोडतात: मूळ जाळ्याच्या आत किती वीज उष्णतेत जाते, याचा हिशेब या परिपथावरून करू नये.