दोघांनी खाल्लं सेम, वाढलं एकाचंच!

प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक नमुना असतोच. कँटीनमध्ये दोन वडापाव, वर मिसळ, तरी अंगाला काही लागत नाही. शेजारची मैत्रीण सकाळपासून ताकावर, तरी काटा जागचा हलत नाही. मग ठरलेला डायलॉग, ‘त्याचं मेटाबॉलिझम फास्ट आहे यार!’

हे थोडं खरं, थोडं सोयीचं. नुसतं पडून राहिलात तरी हृदय, मेंदू, यकृत चालवायला शरीर ऊर्जा जाळतंच. बहुतेकांच्या दिवसभराच्या खर्चात हाच वाटा मोठा. पण तो बराचसा शरीराचा आकार आणि स्नायू यांवर ठरतो. म्हणजे मोठं शरीर एकूण जास्तच जाळतं, कमी नाही.

मग घोडं अडतं कुठे? १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी जादा खायला घातल्या. (असल्या प्रयोगाला आमचं अख्खं होस्टेल आलं असतं.) शेवटी कुणाची चरबी अर्धा किलोही वाढली नाही, कुणाची चार किलोंच्या वर गेली. फरक मुख्यतः चुळबुळीचा! उठणं-बसणं, येरझाऱ्या, पाय हलवत राहणं. जादा खाल्लं की काहींचं शरीर नकळत जास्त हलायला लागतं, काहींचं नाही. हे कुणी ठरवून करत नाही. तेव्हा ‘आळशी आहेस म्हणून सुटलीस’ हा शेरा जरा आवरा.

बारीक मंडळींनीही कॉलर ताठ करू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय अगदी सेम, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावणारे, हा मुद्दा आहेच. पण याज्ञिकांच्या टीमला पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही अशीच दिसली होती. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. आपल्याकडे सडपातळ माणसालाही डायबेटिस गाठतो, त्यामागचं हे एक कारण मानलं जातं. म्हणून काट्यासोबत कमरेचा घेरही मोजा.

आणि हो, खाणं-फिरणं तेच असताना काही महिन्यांत वजन भराभर चढलं किंवा उतरलं, तर रील बघून डाएट सुरू करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडची गडबड असेल तर साध्या रक्ततपासणीत कळते.