मोबाईलची नवी आवृत्ती : का, केव्हा आणि कशी घ्यावी?

आजचे युग हे मोबाईलचे युग आहे असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही. एके काळी ज्या कामांसाठी बँकेत, वीज कार्यालयात आणि महाविद्यालयाच्या खिडकीपुढे तास न् तास रांगेत उभे राहावे लागे, ती कामे आता हातातल्या यंत्रावर होतात. शिष्यवृत्तीचा अर्ज, डिजिलॉकरमधील गुणपत्रिका, पेन्शनरांचा हयातीचा दाखला आणि महिन्याचा पगार, सारे काही त्या एका यंत्रात येऊन बसले आहे. अनेक घरांत तर सर्वांना मिळून एकच स्मार्टफोन असतो. साहजिकच तो सुरक्षित ठेवणे हे घराला कुलूप लावण्याइतकेच महत्त्वाचे झाले आहे.

असे असूनही ‘नवीन सॉफ्टवेअर उपलब्ध आहे’ अशी सूचना पडद्यावर उमटली की आपल्यापैकी बहुतेक जण ‘नंतर’ हे बटण दाबून मोकळे होतात. फोन बिघडेल, फोटो जातील अशी भीती वाटते. याउलट व्हॉट्सॲपवर अनोळखी माणसाने पाठविलेली ‘अपडेट’ची फाईल मात्र विश्वासाने उघडली जाते. म्हणजे जिथे विश्वास ठेवावा तिथे भीती आणि जिथे भ्यावे तिथे विश्वास! बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या आम्हा मंडळींना याचे परिणाम वरचेवर पाहावे लागतात. म्हणून या विषयाची साध्या शब्दांत माहिती द्यावी, असे आम्हास वाटले.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय?

फोनचा पडदा, कॅमेरा, बॅटरी आणि आपण घेतलेली ॲप्स यांच्यात मेळ घालणारी जी मूळ व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कोणत्या ॲपला कॅमेरा द्यायचा, कोणाला संदेश वाचू द्यायचे, हे तीच ठरविते. आपल्याकडील बहुसंख्य फोनमध्ये गुगलची अँड्रॉइड असते, तर ॲपलच्या आयफोनमध्ये आयओएस असते. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. तिच्या आवृत्त्यांना कपकेक, डोनट अशी गोड पदार्थांची नावे देण्याची प्रथा होती. २०१८ ची ‘पाय’ ही त्यातील शेवटची. २०१९ पासून केवळ क्रमांक देण्यात येऊ लागले आणि जून २०२५ मध्ये अँड्रॉइड १६ आली.

अपडेट दोन प्रकारची असते, हे येथे लक्षात घ्यावे. पहिली म्हणजे संपूर्ण नवी आवृत्ती. ती साधारणपणे वर्षातून एकदा येते. दुसरी म्हणजे सुरक्षा अपडेट. तिच्यामुळे फोनचे रूप बदलत नाही, फक्त सापडलेली भगदाडे बुजविली जातात. २०१५ साली अँड्रॉइडमध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाचा दोष उघडकीस आला. केवळ एक चित्रफितीचा संदेश पाठवून दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरकाव करणे त्यामुळे शक्य होते. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गुगलने दरमहा सुरक्षा अपडेट काढण्यास सुरुवात केली.

नव्या आवृत्तीने काय मिळते?

नवी आवृत्ती म्हणजे नवे रंग आणि नवी चिन्हे, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. खरा फरक परवानग्यांमध्ये पडत गेला. पूर्वी ॲप घेतानाच ते मागेल त्या सर्व परवानग्या द्याव्या लागत. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून प्रत्येक परवानगी वेगळी विचारली जाऊ लागली आणि नकार देण्याची सोय झाली. अँड्रॉइड ११ मध्ये ‘फक्त या वेळेपुरती’ परवानगी देण्याची व्यवस्था आली. अँड्रॉइड १२ पासून एखादे ॲप कॅमेरा किंवा माईक वापरत असेल तर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसू लागली. थोडक्यात, ‘कोण आपले काय पाहतो आहे’ हे जाणण्याचा आणि ‘नको’ म्हणण्याचा आपला अधिकार दर आवृत्तीगणिक वाढत गेला आहे.

अपडेट उशिरा का येते?

शेजाऱ्याच्या फोनमध्ये नवी आवृत्ती आली, आपल्यात का नाही, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. गुगलने आवृत्ती तयार केली तरी ती थेट प्रत्येक फोनमध्ये येत नाही. फोनमधील चिप बनविणारी कंपनी आणि नंतर फोन बनविणारी कंपनी यांना ती आपापल्या यंत्राशी जुळवून घ्यावी लागते. हा वेळ वाचावा म्हणून २०१७ साली अँड्रॉइड ८ मध्ये मूळ व्यवस्था आणि चिपशी निगडित भाग वेगळे करण्यात आले.

जुळवणीच्या या कामाला पैसा लागतो, म्हणून कंपन्या ते ठरावीक वर्षेच करतात. गुगलने पिक्सेल ८ (२०२३) आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ (२०२४) या महागड्या फोनना सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. अनेक स्वस्त फोनना मात्र एखाद-दुसरीच नवी आवृत्ती मिळते. म्हणजे ज्याच्या खिशात पैसा कमी, त्याच्या फोनचे कुलूप लवकर जुने होते. म्हणून फोन विकत घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, एवढेच विचारू नये. ‘सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळेल?’ हा प्रश्न दुकानदाराला आवर्जून विचारावा.

फोन मंद होतो का?

ही शंका अगदीच निराधार नाही. बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरद्वारे कमी केला जात असल्याचे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले आणि ग्राहकांची क्षमा मागितली. अपडेटमुळे जुने फोन मंदावल्याच्या प्रकरणात इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपलला १ कोटी युरो, तर सॅमसंगला ५० लाख युरो दंड ठोठावला. तेव्हा फोन बराच जुना असेल आणि त्यातील जागा भरत आली असेल, तर मोठी आवृत्ती घेण्यापूर्वी तोच फोन वापरणाऱ्या एखाद्याचा अनुभव जरूर विचारावा. सुरक्षा अपडेट मात्र टाळू नये. मोठ्या अपडेटनंतर पहिले एक-दोन दिवस बॅटरी लवकर उतरते. फोन आतल्या आत ॲप्सची नव्याने मांडणी करीत असतो, त्यामुळे तेवढ्याने घाबरून जाऊ नये.

अपडेट घेण्याची रीत

१. प्रथम प्रत काढून ठेवावी. अपडेटने सहसा काही पुसले जात नाही, तरीही फोटो, संपर्क क्रमांक आणि व्हॉट्सॲपचे संदेश यांचा बॅकअप घ्यावा. गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. ती भरली असल्यास महत्त्वाची कागदपत्रे संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत.

२. फोनचा पिन क्रमांक आठवतो ना, याची खात्री करावी. फोन पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्यांदा बोटाचा ठसा चालत नाही, पिनच लागतो. वडीलधाऱ्यांची अडचण बहुधा इथेच होते.

३. बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी. वायफाय असल्यास उत्तम. काही जीबी जागा मोकळी ठेवावी.

४. वेळ निवडून घ्यावी. अपडेट बसत असताना फोन काही वेळ बंद राहतो. त्या काळात ना फोन येतो, ना ओटीपी. म्हणून अर्जाच्या शेवटच्या दिवशी, परीक्षेच्या आदल्या रात्री किंवा प्रवासात हे काम काढू नये.

५. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘सॉफ्टवेअर अपडेट’ किंवा ‘सिस्टीम अपडेट’ निवडावे. आयफोनमध्ये हे ‘जनरल’ या भागात असते. काम पूर्ण होईपर्यंत फोन बंद करू नये.

एकदा नवी आवृत्ती घेतल्यावर सहजासहजी मागे जाता येत नाही. जुनी आवृत्ती परत बसवायची तर बहुधा फोनमधील सर्व काही पुसावे लागते, आणि अनेक फोनमध्ये तेही शक्य नसते.

खोट्या अपडेटपासून सावधान!

ऑपरेटिंग सिस्टीमची खरी अपडेट कधीही व्हॉट्सॲपवर, एसएमएसमधील लिंकवर किंवा फोन करून दिली जात नाही. ‘बँकेचे ॲप अपडेट करा’, ‘केवायसी पूर्ण करा’, ‘वाहनाचे चलन पाहा’, इतकेच काय ‘लग्नाची पत्रिका’ अशा नावाने ‘एपीके’ प्रकारची फाईल येते. ती उघडली की संदेश वाचण्याची परवानगी मागते, आणि ती मिळताच ओटीपी परस्पर चोरांच्या हाती पडतो. कोणतीही बँक अशी फाईल पाठवीत नाही. चुकून ती बसविली गेलीच, तर प्रथम इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. येथे लाजून गप्प बसणे सर्वांत महाग पडते, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ते रोखता आले तरच हाती लागतात.

अपडेट येणेच बंद झाले असेल तर?

सेटिंग्जमधील ‘अबाउट फोन’मध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल, तर त्या फोनवर बँकेचा व्यवहार न करणे चांगले. पुढे पुढे ॲप्सही साथ सोडतात. १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ च्या फोनवर व्हॉट्सॲप बंद झाले, हे त्याचे उदाहरण. मात्र असा फोन लगेच टाकून देण्याचे कारण नाही. सिमकार्ड आणि बँकेची ॲप्स काढून मुलांना व्याख्याने ऐकण्यासाठी, पुस्तके वाचण्यासाठी तो खुशाल वापरावा.

तात्पर्य, अपडेट ही शोभेची वस्तू नव्हे, ती कडी-कुलपाची दुरुस्ती आहे. ती आपल्या फोनच्या सेटिंग्जमधूनच घ्यावी, प्रत काढून घ्यावी आणि सवडीने घ्यावी. आपल्या सभासदांनी आजच आपल्या फोनवरील ती तारीख पाहावी, आणि विद्यार्थ्यांनी घरातील आजी-आजोबांच्या फोनवरचीही पाहून द्यावी, एवढीच आमची नम्र विनंती.